दारिद्र्य मोजायचे कशाने? तुरुंगातल्या भाकरीपासून दारिद्र्यरेषेपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१) तापमान मोजण्यासाठी तापमापक आहे, जमीन मोजण्यासाठी साखळी आहे. पण ‘दारिद्र्य’ ही संकल्पना आहे. ती थेट मोजता येत नाही. तिच्या जागी मोजता येईल असे काहीतरी, म्हणजे एखादे ‘चल’, निवडावे लागते. ही निवड कोण करतो आणि कशी, याला भारतात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२) सुरुवात मुंबईत. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेसमोर ‘भारताचे दारिद्र्य’ या विषयावर निबंध वाचला. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान समृद्ध होत आहे, असा सरकारपक्षाचा दावा होता. दादाभाईंनी त्याला आकड्यांनी उत्तर दिले, आणि तेही सरकारच्याच कागदपत्रांतल्या आकड्यांनी.

३) त्यांनी निवडलेले चल होते दरडोई वार्षिक उत्पन्न. प्रांतवार पिकाखालचे क्षेत्र, एकरी उत्पादन आणि बाजारभाव यांचा हिशेब मांडून त्यांनी अन्य उत्पादनाची भर घातली. १८६७-६८ च्या सुमाराचे उत्तर आले : १७ कोटी लोकांमागे ३४० कोटी रुपये, म्हणजे माणशी वर्षाला २० रुपये.

४) पण २० रुपये कमी की पुरेसे? मापाला तुलनेचा आधार लागतो. दादाभाईंनी तो तुरुंगात शोधला. कैद्याला जगवण्यासाठी सरकार अन्नवस्त्रावर जो खर्च करी, तो त्यांनी दरडोई उत्पन्नाशेजारी ठेवला. मुंबई इलाख्यात माणशी उत्पन्न सुमारे २२ रुपये, तर कैद्यावरचा खर्च सुमारे ४७ रुपये! मोकळ्या प्रजेपेक्षा कैदी बरा, हे सरकारी दप्तरच सांगत होते.

५) या मापाची मर्यादाही दादाभाईंना ठाऊक होती. सरासरीत सावकार आणि शेतमजूर एकाच ओळीत बसतात. वरच्या वर्गाचा वाटा मोठा असल्याने गरिबाच्या पदरात २० रुपयेही पडत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले होते.

६) १८८२ साली एव्हलिन बेअरिंग यांनी २७ रुपयांचा अंदाज दिला, तर १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० रुपयांचा. बेअरिंग यांच्या हिशेबाचा तपशील दादाभाईंनी मागितला. तो त्यांना मिळाला नाही. जे मोजमाप दुसऱ्याला पडताळता येत नाही, त्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

७) आता पुणे, १९७१. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी सरासरी बाजूला ठेवून प्रश्न बदलला : किमान अन्न मिळवण्याइतकाही खर्च किती लोकांना परवडत नाही? त्यांचा निकष होता माणशी रोज २,२५० कॅलरी. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यासाठी ग्रामीण भागात महिना १५ रुपये, तर शहरात साडेबावीस रुपये लागत. निष्कर्ष : ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली.

८) यावर आक्षेप घेतला संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. कॅलरीची गरज माणसागणिक वेगळी असते, आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. मग सरासरी गरजेलाच सीमारेषा मानली, तर कमी खाऊनही धडधाकट असलेला माणूस कुपोषितांत मोजला जाईल. हा वाद वैधतेचा होता : जे मोजायचे आहे तेच आपण मोजतो आहोत का?

९) २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने रेषा कॅलरीच्या निकषापासून सोडवली, शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्चही विचारात घेतला. परिणाम पाहा. वर्ष तेच, २००४-०५, माणसे तीच, पण ग्रामीण दारिद्र्य २८.३ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर गेले. कोणाच्याही चुलीवर काही बदलले नव्हते; बदलली होती ती व्याख्या.

१०) आणि व्याख्या कागदावर राहत नाही. सरकारी योजनांचा लाभ किती जणांना द्यायचा, याचे गणित दारिद्र्यरेषेशी जोडलेले होते. रेषा थोडी खाली सरकली की हजारो घरे शासनाच्या लेखी ‘गरीब’ उरत नाहीत.

११) म्हणून जुन्या कागदपत्रांत ‘रयत सुखी आहे’ किंवा ‘दारिद्र्य इतके टक्के’ असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. संकल्पनेच्या जागी कोणते चल ठेवले? ते कोणी आणि कोणत्या हेतूने निवडले? हिशेब पडताळता येतो का? दादाभाईंनी सरकारला नेमके हेच विचारले होते.