सायकलींचें रिंगण

शर्यत वऱ्हाडाला नवी नाहीं. पिकें घरांत आलीं, हात मोकळे झाले, कीं माळावर शंकरपट भरावा, बैलांच्या जोड्या सुटाव्या आणि पंचक्रोशींतल्या लोकांनीं दोहों बाजूंस दाटी करावी, हा क्रम यवतमाळ जिल्ह्यानें पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ही मौज बंद पडली. 2021 च्या डिसेंबरांत तिला पुन्हा परवानगी मिळाली. पट ही सरळ धांवेची जागा. वाटोळ्या धांवेला आपल्याकडे दुसरा शब्द आहे, तो म्हणजे रिंगण. वारींतल्या रिंगणांत घोडा धांवतो तो कोणाला हरविण्यासाठीं नव्हे. तथापि पाहणाराची सोय ध्यानांत घेण्याजोगी आहे. पटावर जोडी डोळ्यांसमोरून गेली कीं गेली. रिंगणांत गेलेला फिरून येतो. आमच्या तालुक्याच्या गांवांत सायकल लोकांच्या मनांत भरली ती या रिंगणांतच.

आज ओळखूं येईल अशी, दोन सारख्या चाकांची सायकल 1885 च्या सुमारास इंग्लंडांत झाली आणि 1888 सालीं डनलपनें हवा भरलेल्या रबरी टायराची जोड तिला दिली. यवतमाळास मूर्तिजापुराकडून अरुंद रुळांची आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभीं आली खरी, पण ती आली कापसासाठीं. खेड्यापाड्यांतून माणसाला नेण्याचें काम सायकलीवरच पडलें. टपालवाला, शाळामास्तर, जिनिंगमधला कारकून हे तिचे स्वार. तासाच्या बोलीनें सायकली भाड्यानें देणारीं दुकानें निघालीं, आणि दांड्याखालून पाय घालून, वांकडें होऊन पेडल मारणारीं पोरें त्याच दुकानांच्या जिवावर सायकल शिकलीं.

परंतु या जिल्ह्यांतली काळी माती सायकलीची वैरीण आहे. पाऊस पडला कीं ती फुगते, चाकाला चिकटते, मडगार्डांत घट्ट बसते आणि चार पावलांवर चाक फिरेनासें होतें. मग स्वारानें उतरावें, काडीनें चिखल उकरावा आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर सायकल खांद्यावर घेऊन चालूं लागावें. नेमकी याचीच युरोपांत शर्यत झाली आहे! तिचें नांव सायक्लोक्रॉस. फ्रान्समध्यें तिचें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद 1902 सालीं झालें. 1910 ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझनें आपल्या तयारीचें श्रेय या चिखलांतल्या धांवेला दिलें. आणि 1950 सालीं पॅरिसला पहिलें जागतिक अजिंक्यपद झालें, तें झां रोबिकनें मिळविलें. सुमारें तासाभराची ही शर्यत हिंवाळ्याच्या दिवसांत लहान लहान फेऱ्यांनीं होते. आडव्या फळ्या आल्या कीं चालत्या सायकलीवरून उतरावयाचें, ती खांद्यावर टाकून चढण पळत चढावयाची, पुन्हा उडी मारून बसावयाचें. स्वाराजवळ एकीहून अधिक सायकली असतात; एकीवर तो फिरत असतां दुसरीचा चिखल त्याचा सोबती धुऊन ठेवतो. आमच्या टपालवाल्याला ही सोय नव्हती.

नियम, संस्था आणि पदकें यांचा खेळ मात्र मुंबई-पुण्याकडे वाढला, आणि त्यांत पारशी तरुणांचा पुढाकार दिसतो. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे 1923 च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सायकलींवर निघाले व पृथ्वीप्रदक्षिणा करून 1928 च्या मार्चांत परतले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकांत हिंदुस्थानचा सायकल-संघ उतरला, त्यांत रोहिंटन नोबल, आदी हवेवाला अशीं नांवें आहेत. मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट सर्वांआधीं चढणारास 'घाटाचा राजा' म्हणतात. पुण्यास बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं कलत्या कडांचा सायकल-मार्ग बांधला गेला. ही हकीकत ठळक आहे; ती कोठेंही वाचावयास मिळेल.

सहसा वाचावयास न मिळणारी हकीकत बाजाराच्या मैदानावरची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतल्या लहान गांवांतून, आणि त्यांत वऱ्हाडही आलें, एखादा परगांवचा तरुण यावयाचा. मैदानांत खांब रोवून, दिवे टांगून, कर्णा लावून तो जाहीर करावयाचा, कीं सात दिवस व सात रात्री आपण पाय जमिनीला लावणार नाहीं. मग फिरणें सुरू. जेवण सायकलीवर, दाढी सायकलीवर, डोक्यावर बादली ओतून घेऊन स्नानही सायकलीवर. संध्याकाळीं गर्दी जमली कीं खेळ वाढावयाचे: हात सोडून फिरणें, उलटें बसणें, जमिनीवर ठेवलेली नोट वांकून उचलणें. बायका मुलांना घेऊन येत. कोणी दूध देई, कोणी शर्टाला नोट टांचून जाई. रात्रीं मैदान ओस पडल्यावर तो खरेंच फिरत असतो कीं नाहीं याविषयीं पैजा लागत, आणि चार टवाळ पोरें मुद्दाम दोन वाजतां उठून पाहून येत. 1972 सालच्या मनोजकुमारच्या 'शोर' चित्रपटांत मुलाच्या शस्त्रक्रियेचा पैसा उभा करण्यासाठीं बाप असाच दिवसेंदिवस सायकल फिरवितो. प्रेक्षकांना तें पटवून द्यावें लागलें नाहीं; तें मैदान त्यांच्या ओळखीचें होतें.

याला शर्यत म्हणावें काय? प्रतिस्पर्धी नाहीं, पंच नाहीं, पदक तर नाहींच. पण 1878 च्या फेब्रुवारींत लंडनच्या इस्लिंग्टन भागांतील ॲग्रिकल्चरल हॉलमध्यें डेव्हिड स्टॅंटन नांवाचा स्वारही असाच एकटा फिरत होता. सहा दिवसांत 1000 मैल, अशी 100 पौंडांची पैज होती. ती त्यानें 73 तासांच्या फिरण्यांत जिंकली. त्याच वर्षीं तेथें अनेक स्वारांची सहा दिवसांची शर्यत झाली. (रविवार वर्ज्य, म्हणून दिवस सहा; आमच्या स्वाराला रविवार आडवा येत नसे, उलट त्या दिवशीं गर्दी अधिक.) 1891 पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें हीच शर्यत रंगूं लागली. झोपेवांचून स्वारांना भ्रम होत आणि लोक तें पाहण्यासाठीं पैसे मोजीत. अखेर 1899 सालीं तेथें कायदा झाला, कीं एका मनुष्यानें दिवसांत 12 तासांहून अधिक शर्यत करूं नये. चालकांनीं तोड काढली: दोघांची जोडी करावी, एकानें फिरावें, दुसऱ्यानें विसावा घ्यावा. तीच आजची 'मॅडिसन' शर्यत. 2000 सालच्या सिडने ऑलिंपिकांत तिला जागा मिळाली.

म्हणजे दोहोंचें मूळ एकच: वाटोळें फिरणारा मनुष्य, आणि आतां पडेल, मग पडेल म्हणून पाहणारे लोक. तेथें वर छप्पर होतें, दारावर तिकीट होतें आणि मनुष्याचे हाल पाहून कायदा करणारें सरकार होतें. येथें थाळी फिरत होती. स्वाराची छाती येथें लहान होती असें म्हणण्यास मला तरी आधार दिसत नाहीं. पुढें घरोघरीं दूरदर्शन आलें, मोटारसायकली आल्या आणि मैदानावरचा तो दिवा विझत गेला. कोण कोठला स्वार किती रात्री फिरला, हें लिहून ठेवण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. थाळींत पडलेल्या पैशांचा हिशेब तेवढा त्याच्याजवळ असेल.

एक प्रकार मात्र टिकून आहे. तो शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशोत्सवांत सांपडतो: सावकाश सायकल चालविण्याची शर्यत. शेवटीं पोंचेल तो पहिला. पाय टेकला कीं बाद. शहाणे लोक तिला पोरखेळ समजतात. परंतु कलत्या मार्गावरच्या दोघां स्वारांच्या वेगाच्या शर्यतींतही हीच विद्या लागते. पुढच्याच्या आडोशानें मागच्याला वारा कमी लागतो आणि शेवटीं तो झेप घेतो. म्हणून पुढें जाण्यास कोणीच राजी नसतो, आणि दोघेही पेडलांवर तोल धरून जागच्या जागीं उभे राहतात. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकांत इटलीचा पेत्तेनेल्ला व फ्रान्सचा त्रांतें हे असे 21 मिनिटें 57 सेकंद उभे होते. 1968 सालीं इटलींत तोच पेत्तेनेल्ला आणि त्याचा देशबंधु बियांकेत्तो हे तासाहून अधिक वेळ हलले नाहींत. पुढें नियमांनीं या उभें राहण्यावर मर्यादा घातली. आमच्या शाळेच्या मैदानावर पंच म्हणून उन्हांत उभ्या केलेल्या ड्रिलमास्तरांची घाई, एवढीच काय ती मर्यादा.