शेख दीन मोहंमद यांचा हमाम

व्यायामाची आवड असलेली आपल्या मोहल्ल्यातली पोरं अलीकडे ‘पर्सनल ट्रेनिंग’चा धंदा काढायचं म्हणतात. पहिला सवाल भांडवलाचा, दुसरा सर्टिफिकेटचा. तिसरा कुणी मोठ्यानं विचारत नाही: पाटीवर नाव काय लावायचं? या तिन्ही सवालांशी दोनशे वर्षांपूर्वी पाटण्याच्या एका माणसाची गाठ पडली होती, तीही इंग्लंडात.

शेख दीन मोहंमद यांचा जन्म १७५९चा. वडील कंपनीच्या फौजेत होते. ते गेल्यावर हा मुलगाही बेकर नावाच्या अधिकाऱ्याच्या आश्रयानं फौजेबरोबर फिरला आणि १७८४ मध्ये त्याच्यासोबत आयर्लंडला पोचला. तिथं जेन डॅली यांच्याशी लग्न केलं. ते ख्रिस्ती झाले, हे लपवून त्यांचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही.

१८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलं. हिंदुस्तानी जेवण, हुक्का, वेताच्या खुर्च्या, सगळा थाट. दोनच वर्षांत दिवाळं निघालं. पन्नाशी ओलांडलेल्या या माणसानं मग वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिली.

१८१४च्या सुमारास ते समुद्रकाठच्या ब्रायटनला गेले. खाणावळीला जागा, भांडी, नोकर लागतात. इथं मुख्य भांडवल त्यांचे दोन हात होते. आपल्याकडची चंपी-मालिश त्यांनी ‘शाम्पूइंग’ या नावानं सुरू केली. आज डोक्याला लावायच्या शाम्पूचं मूळ याच चंपीत आहे. गिऱ्हाईक आधी औषधी पाल्याच्या वाफेत घाम गाळायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू. तंबूला बाह्या शिवलेल्या, त्यांत हात घालून मालिश करणारा बाहेरूनच अंग रगडायचा. गोऱ्या माणसाची लाज आणि हिंदुस्तानी हुनर, दोन्ही सांभाळणारी ही युक्ती मला फार आवडते. बायकांची बाजू जेन बघायच्या.

लोक आधी हसले. त्यावर मोहंमद यांनी बऱ्या झालेल्या माणसांनाच पुढं केलं. त्यांच्या कुबड्या आणि पायाचे लोखंडी पट्टे हमामात टांगून ठेवले, अभिप्रायासाठी वह्या मांडल्या, १८२० मध्ये बऱ्या झालेल्यांच्या हकिगती छापल्या. १८२१ मध्ये समुद्रासमोर मोठी इमारत उभी राहिली. पुढं चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते शाम्पूइंग सर्जन झाले.

सर्टिफिकेटचा सवाल मात्र त्यांनी खोटं बोलून सोडवला. १८२२च्या पुस्तकात आपलं जन्मवर्ष दहा वर्षं मागं, १७४९ असं लावलं. फौजेत जाण्याआधी वैद्यकीचं शिक्षण झालं, हे दाखवायला आयुष्यात तेवढी जागा हवी होती! त्यांच्या थडग्यावरही वय १०१ लिहिलंय. शिक्षक म्हणून मला हे खटकतं. हातात खरा हुनर असताना कागदाची लाज का वाटावी? पण कागदाशिवाय परक्याला दारात कोण उभं करत होतं, हेही विसरता येत नाही.

आणि नाव? ते त्यांनी बदललं नाही. धर्म बदललेल्या माणसाला आडनाव बदलणं सोपं होतं. तरी पाटी ‘मोहमेड्स बाथ्स’चीच राहिली. पूर्वेकडचं नाव हीच त्या धंद्याची सनद होती, असं म्हणता येईल. मला त्यात नुसता हिशेब दिसत नाही, कारण मुलानातवंडांनीही ते टिकवलं.

इमारत मात्र त्यांच्या मालकीची नव्हती. पैसा भागीदाराचा होता. १८४१ मध्ये तिचा लिलाव झाला, तेव्हा ती विकत घेण्याइतकी ऐपत त्यांच्याकडं नव्हती. गल्लीतल्या लहान घरात त्यांनी पुन्हा काम मांडलं. १८५१ मध्ये ते वारले.

त्यांचा मुलगा फ्रेडरिक यानं हमामाबरोबर तलवारबाजी आणि मुष्टियुद्ध शिकवायची शाळाही चालवली. आजच्या पोरांच्या धंद्याशी याचं नातं बापापेक्षाही जवळचं. फ्रेडरिकचा मुलगा अकबर मोहमेड लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रीतसर डॉक्टर झाला. वाढलेल्या रक्तदाबाचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत त्याचं नाव घेतलं जातं. तो १८८४ मध्ये गेला, पस्तिशीत.