पांझरेचा पाटकरी

खानदेशातल्या जुन्या पाण्याचा विषय निघाला की आमच्या सावद्यात बोट बऱ्हाणपूरकडे जाते. तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा. अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात नेले. काम अजोड आहे, वाद नाही. पण मला कुतूहल बांधणाऱ्यापेक्षा चालवणाऱ्याचे. त्याचा माग पांझरेकाठी लागतो. १९०६ पर्यंत सावदा आणि धुळे एकाच खानदेश जिल्ह्यात होते, तेव्हा पांझराही घरचीच.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्याच्या बगलेतून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, आणि दरसाल फेरपालट. शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. वरवर ही पिकाची सोय वाटते. खरी गोम टंचाईच्या वर्षी कळते. पाणी अपुरे दिसले की अख्खा एक फडच कोरडा ठेवायचा. मग टंचाई पाटाच्या शेपटाला असणाऱ्या एकट्याच्या बांधावर येत नाही, सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते.

हे ठरवत पंच, पण निभावत पाटकरी, जागल्या आणि हवालदार. जागल्याने राखण करायची, हवालदाराने देखरेख. पाटकऱ्याचे काम सर्वांत नाजूक. पाटाचे पाणी चारीत, चारीचे वाफ्यात, आणि तेही पाळीने. सोयऱ्याचे शेत आधी भिजवले की गावभर बोभाटा. मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा, पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळही त्यांनीच काढायचा. जादा पाणी सांडमातून पुन्हा नाल्यात, नदीत. वरच्या गावाने सांडलेले पाणी खालच्या बंधाऱ्याची आवक होई.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण विश्वेश्वरय्या खानदेशात आले, पांझरेच्या पाटासाठी त्यांनी नळाचे सायफन बसवले. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. तीत पिकांची फेरपालट आहे, गटवार पाणी आहे. फड पाहिलेल्या डोळ्यांनाच ती सुचली असावी, असे माझे मत. मात्र एक गोष्ट मागेच राहिली. ब्लॉकचा कालवा खात्याचा आणि माणूसही खात्याचा. पाटकरी गावाने ठेवलेला, नको झाला तर गावानेच काढायचा.

पुढे साक्री तालुक्यात लाटीपाड्याला धरण झाले, पांझरेचे वाहणे धरणाच्या वेळापत्रकावर गेले. विहिरी, वीजपंप आले, तसा ज्याच्या शेताचा पाटकरी तोच झाला. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळी विहिरींवर आणि कूपनलिकांवर उभी राहिली. पाणी खोल गेले, तसा ज्याने त्याने आपला बोअर खोल नेला. यंदा हा फड कोरडा ठेवू, असे म्हणायला इथे पंचच नव्हते.

तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जिरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने करार केला. जिरवण्याचे काम इंजिनिअर करतील. जिरलेले पाणी उपसताना कोणी किती आणि कधी थांबायचे, हे सांगणारा माणूस कोण नेमणार आणि त्याला मेहनताना कोण देणार, एवढेच मला विचारायचे आहे.