सांबऱ्याचा कोबी कुणाच्या खात्यात?

१८ डिसेंबर १९६१. बेळगावजवळच्या सांबरा तळावरून भारतीय वायुदलाची हंटर विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीच्या पोर्तुगीज बिनतारी केंद्रावर हल्ला चढविला. आम्हा गोमंतकीयांच्या इतिहासात सांबरा आणि बांबोळी ही दोन नावे शेजारी शेजारी आली ती अशी. आज ती पुन्हा शेजारी येतात, पण कारण अगदी घरगुती आहे. बेळगाव तालुक्यातल्या गावांत पिकलेली भाजी टेम्पोत चढते, चोर्ला घाट उतरते आणि सकाळी आपल्या बाजारात येऊन बसते. ती भाजी खाण्याजोगी आहे की नाही, हे पाहणारे आपले अन्न व औषध प्रशासन संचालनालय बांबोळीलाच आहे.

माझ्या सौ.चे माहेर सांबऱ्याच्या बाजूचे. मेहुण्याची थोडी शेती आहे. कोबी, फ्लॉवर, मिरची असे काही ना काही चालू असते. बेळगावच्या भाजीवर औषधांचा मारा असतो, अशी ओरड गोव्यात अधूनमधून होते. ती त्याच्याही कानावर जाते. एकदा जेवताना तो मला म्हणाला, "भावजी, तुमच्या गोव्यात आमच्या कोबीला विष म्हणतात. म्हणू देत. पण तपासायला येतंय कोण?" मी म्हटले, "खाते आहे की." त्यावर तो हसला. "कुठलं खातं?"

मी पडलो सरकारी कारकून. फाईल कुठल्या टेबलावर जायची हे ठरवण्यातच आमची निम्मी नोकरी जाते. त्यामुळे हा प्रश्न मला साधा वाटला नाही. उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले की आपल्या देशात अन्नाच्या जबाबदारीची वाटणी एकदा झालेली नाही, तीनदा झाली आहे आणि तीनही वेळा वेगळ्या तत्त्वावर. पहिली वाटणी जागेची, दुसरी मालाची आणि तिसरी प्रवासाची.

जागेच्या वाटणीपासून सुरुवात करू. भेसळ करणे हा गुन्हा आहे, हे ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० च्या दंड संहितेनेच सांगितले होते. कलम २७२ आणि २७३. शिक्षा सहा महिन्यांची कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २७४ आणि २७५ झाली आहेत.) पण गुन्हा सांगणे वेगळे आणि रोज बाजारात जाऊन पाहणे वेगळे. ते काम ज्याची जागा त्याच्याकडे गेले. बेळगाव शहरात नगरपालिका, तर छावणीत म्हणजे कॅम्पात लष्कराची वेगळी व्यवस्था. गोऱ्या सैनिकाच्या दुधाची काळजी तर इतकी, की १८८९ साली अलाहाबादला लष्कराने स्वतःचा दुग्धशाळा-फार्म काढला आणि पुढे देशभर तसे फार्म झाले. ती परंपरा २०२१ साली बंद पडली. शहराला पालिका, शिपायाला फार्म. सांबऱ्यासारख्या खेड्याला मात्र दंड संहिता आणि पोलीस पाटील.

भेसळीविरुद्धचे कायदे प्रत्येक प्रांताने आपापले केले. मद्रासने १९१८ साली, मुंबई इलाख्याने १९२५ साली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून त्याला मुंबईचा कायदा. घाटाखाली आपण पोर्तुगीज अमलात, म्हणून आपल्याला त्यांचा. पन्नासच्या दशकात भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बेळगावची भाजी खाली उतरणेच बंद झाले. हॉलंडहून आलेले बटाटे खाल्ल्याच्या आठवणी आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत.

स्वतंत्र भारताच्या घटनेने अन्नभेसळ हा विषय समवर्ती सूचीत टाकला, म्हणजे केंद्रही कायदा करू शकते आणि राज्यही. त्यातून १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला आणि १ जून १९५५ पासून लागू झाला. कायदा एक झाला, पण जागेची वाटणी त्याने तशीच ठेवली. 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे कोण? नगरपालिका असेल तिथे पालिका, छावणी असेल तिथे छावणीचे प्राधिकरण आणि बाकीच्या जागी सरकार ठरवील ते. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव मुंबईतून म्हैसूर राज्यात गेले. त्या वेदनेविषयी सीमाभागात इतके लिहिले गेले आहे की मी आणखी काय लिहावे? इथे एवढेच सांगतो की ज्या दिवशी राज्य बदलले त्या दिवशी अन्न निरीक्षकाची फाईलही मुंबईऐवजी बंगळूरच्या दिशेने जाऊ लागली. पाच वर्षांनी गोवा मुक्त झाला, केंद्रीय कायदे टप्प्याटप्प्याने आपल्याला लागू झाले आणि घाटाच्या वर-खाली एकदाचा एकच अन्न कायदा आला.

ही जागेची वाटणी अजून पाहायची असेल तर सांबऱ्यालाच जावे. विमानतळाच्या कुंपणाच्या आत चहा-कॉफी विकणाऱ्याला, २०११ च्या परवाना नियमांनी, केंद्राचा परवाना लागतो. कारण विमानतळ, बंदर, रेल्वे, संरक्षण अशा केंद्राच्या आवारातली खानपान सेवा केंद्राकडे ठेवली गेली. कुंपणाच्या बाहेरच्या टपरीवाल्याची वर्षाची उलाढाल त्याच नियमांतल्या मर्यादेच्या आत असेल तर त्याची राज्याकडे नुसती नोंदणी. धंद्याचा परवाना पुन्हा ग्रामपंचायतीचा. लोंढा-मिरज मार्गावरच्या सांब्रे स्टेशनात कुणी वडे विकले तर रेल्वेचे स्वतःचे अन्नसुरक्षा अधिकारी. एक गाव, तोच चहा, तेच दूध!

आता दुसरी वाटणी, मालाची. १९५४ चा कायदा आरोग्य मंत्रालयाचा. पण त्याच्या आगेमागे इतर खात्यांनी आपापले आदेश काढले. वनस्पती तुपासाठी १९४७ चा आदेश, जॅम-मुरंबा-सरबतासाठी १९५५ चा फळ उत्पादने आदेश, काढीव तेल आणि पेंडीसाठी १९६७ चा, मांसाच्या पदार्थांसाठी १९७३ चा, दुधासाठी १९९२ चा आणि खाद्यतेलाच्या पॅकिंगसाठी १९९८ चा. शिवाय शेतमालाच्या प्रतवारीचा १९३७ चा कायदा, ज्यातून 'अ‍ॅगमार्क'चा शिक्का आला. एकाच वाण्याच्या फळीवर तुपाचा डबा एका खात्याचा, मुरंब्याची बाटली दुसऱ्याची, दुधाची पिशवी तिसऱ्याची. मोजमापे वेगळी, निरीक्षक वेगळे. दुकानदार गोंधळून गेला यात नवल नाही, आणि त्या गोंधळाचा फायदा घेणाराही निघालाच.

मालाची वाटणी वादात कशी सापडते, याचे ठळक उदाहरण सीमाभागाच्याच आसपासचे आहे. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. महाराष्ट्राने २००२ साली अन्नभेसळ कायद्याचा आधार घेऊन गुटख्यावर बंदी घातली. ती न्यायालयात गेली. ज्या कंपनीच्या नावाने हा खटला ओळखला जातो ती गोदावत पान मसाला कंपनी निपाणीपासून फार लांब नसलेल्या जयसिंगपूरची. २ ऑगस्ट २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गुटखा हा 'अन्न' या व्याख्येत येतो, पण अशी बंदी घालण्याचा अधिकार त्या कायद्याखाली राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला नाही, असे त्याचे सार. बंदी गेली. गोव्याने २००५ साली वेगळी वाट धरली, आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती केली आणि बंदी आणली.

२००६ साली संसदेने अन्नसुरक्षा व मानके कायदा केला. १९५४ चा कायदा आणि वर सांगितलेले ते सगळे आदेश त्याने पोटात घेतले. २००८ साली अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण उभे राहिले आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नवी नियमावली लागू झाली. मालाची वाटणी बऱ्याच अंशी मिटली, हे श्रेय त्या कायद्याला द्यायलाच हवे. मानके केंद्राने ठरवायची. अंमल राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्ताने, जिल्ह्यातल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने आणि त्यांच्या हाताखालच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने करायचा. पण राज्याची हद्द कुठे जाते? नव्या नियमांच्या बळावर महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर पुन्हा बंदी घातली. कर्नाटकाने ती मे २०१३ च्या अखेरीस घातली. मधले दहा महिने कागलला जो माल बेकायदा, तो काही कोसांवरच्या निपाणीत कायदेशीर होता.

आता मेहुण्याच्या कोबीकडे येतो, कारण तिसरी वाटणी त्याच्या बांधावर सुरू होते. २००६ च्या कायद्याने 'अन्न' कशाला म्हणायचे ते सांगताना कापणीपूर्वीचे पीक वगळले आहे. पुढे कलम १८ मध्ये शेतकरी, मच्छीमार आणि शेताच्या पातळीवरचा शेतमाल यांना हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. हेतू चांगला होता. गरीब शेतकऱ्यामागे निरीक्षकाचा ससेमिरा नको. पण त्यामुळे झाले असे की मातीत उभा आहे तोवर कोबी अन्न नाही. त्यावर फवारायच्या औषधाची नोंदणी, विक्री, तपासणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने कृषी खात्याकडे दिली. कोबीत त्या औषधाचा अंश किती चालेल, हे ठरवायचे अन्न प्राधिकरणाने. बाजार समिती पाहणार वजन, भाव आणि शुल्क. वाटेत टेम्पो आधी कर्नाटकाचा, मग गोव्याचा. इथे उतरल्यावर कधी तो खासगी व्यापाऱ्याकडे, तर कधी आपल्या फलोत्पादन महामंडळाच्या सवलतीच्या गाड्यावर. आणि नमुना घेणार बांबोळीचे प्रशासन, ज्याला सांबऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्याचा अधिकार नाही.

नमुना घेतला तरी अन्न विश्लेषकाला अहवालासाठी कायद्याने चौदा दिवस दिले आहेत. तुपाच्या डब्याला चौदा दिवस काहीच नाहीत. कोबी मात्र तोवर खाऊन, पचून, विसरून झालेला असतो. अहवालात दोष निघालाच तर तो कोबी कुठल्या गावचा, कुठल्या शेतातला हे कोण सांगणार? बाजारात सगळे गड्डे एका ढिगात मिसळलेले असतात.

ही गोष्ट भाजीपुरती नाही. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात जे घडले ते आपण सगळ्यांनी पाहिले. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाने छापा घातला, जागेवरच्या किटमध्ये मासळीत फॉर्मेलिन दिसले, त्यानंतर प्रयोगशाळेच्या हवाल्याने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले आणि लोकांचा विश्वास उडाला. १८ जुलैला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी परराज्यातली मासळी पंधरा दिवस बंद केली. वर्षाच्या अखेरीस इन्सुलेटेड वाहन आणि नोंदणी यांच्या अटी आल्या. तिथेही वाटणी बघा. समुद्रातला मासा मत्स्योद्योग खात्याचा, बाजाराची जागा दक्षिण गोवा नियोजन व विकास प्राधिकरणाची, तपासणी अन्न व औषध प्रशासनाची, सीमेवरचा ट्रक पोलिसांचा. गोंयकाराच्या ताटातली हुमण मात्र कुणाच्याच यादीत नव्हती.

तर मग वाटणीच वाईट का? मला तसे वाटत नाही. १९५४ च्या कायद्यातच एक फार शहाणी वाटणी होती. निरीक्षकाने नमुना घेतला की त्याचे तीन भाग करायचे. मूळ कायद्याप्रमाणे एक दुकानदाराला, एक विश्लेषकाला आणि एक न्यायालयासाठी निरीक्षकाकडे. प्रत्येकावर मोहोर आणि सही. दुकानदार आणि विश्लेषक यांचे पटले नाही तर केंद्रीय प्रयोगशाळा. त्या चारांपैकी एक पुण्याला आणि एक म्हैसूरला होती. दुधाचा नमुना नासू नये म्हणून त्यात निरीक्षक पंचवीस मिलिलिटरला दोन थेंब घालायचा, ते फॉर्मेलिनचेच! ज्या द्रव्याच्या नावाने २०१८ साली आपल्या अंगावर काटा आला, ते तेव्हा पुरावा टिकवायचे साधन होते. नव्या कायद्यात तीनाचे चार भाग झाले, पण मोहोर आणि सही कायम आहे.

यात कुणाचाच कुणावर विश्वास नाही, असे वरवर वाटेल. पण नेमके त्यामुळेच ती वाटणी चालते. कुठला भाग कुणाकडे गेला, कुठल्या तारखेला गेला, कुणी सही करून घेतला, हे पुढे कधीही शोधता येते. नमुन्याचे भाग करताना कायद्याने ही काळजी घेतली. जबाबदारीचे भाग करताना मात्र ती घेतली नाही. शेतातून बाजारात, बाजारातून घाटात, घाटातून गाड्यावर जाताना कोबीसोबत भावाची पावती येते. पण कोणते औषध, कोणत्या तारखेला फवारले आणि काढणी कधी झाली याची चिठ्ठी येत नाही. ती आली तर बांबोळीच्या अधिकाऱ्याला सांबऱ्याच्या शेतात जायची गरजच पडणार नाही. गोव्याचे महामंडळ मोठे गिऱ्हाईक आहे. नव्या कायद्याची वाट न पाहता अशी चिठ्ठी मागायला त्याला कोण अडवणार आहे?

तोवर आपल्या हातात काय आहे, हेही सांगून ठेवतो. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा खरेदीदारही शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि दोष निघाला तर ते शुल्क परत मिळते. मात्र विकत घेतानाच तपासणीचा इरादा विक्रेत्याला सांगावा लागतो. एकट्यादुकट्याला हे जड आहे. एखाद्या वाड्याने किंवा गृहसंस्थेने मिळून केले तर कदाचित जमेल.

मेहुण्याला मी ही सगळी खाती एकेक करून मोजून दाखवली. तो बोटांवर मोजत होता. हाताची पाच बोटे संपली तेव्हा म्हणाला, "म्हणजे भावजी, शेवटी मीच." त्याने सांगितलेले खाते कुठल्याच राजपत्रात नाही. पण फवारणीची वही त्याने तेव्हापासून ठेवली आहे. ती अजून कुणी मागितलेली नाही.