तळटीप १४ : पुंगळ्या सिद्ध करणे

१४. ‘पुंगळ्या सिद्ध केल्या’ : डागलेल्या काडतुसाचे जे रिकामे पितळी कवच मागे उरते ते पुंगळी. शेकडा ७० भाग तांबे व ३० भाग जस्त अशा पितळेचे हे कवच पुनःपुन्हा भरता येत असल्यामुळे साकोलीकडील रानात शिकार करणारे लेखकाच्या मातुलांसारखे मालगुजार ते टाकून देत नसत. बुडातील बार पेटविणारी जुनी टोपी काढणे, काळ्या दारूचा क्षार पितळ खाऊ नये म्हणून पुंगळी कढत पाण्याने धुणे, आणि तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी ती बाद करणे, हा या सिद्धतेचा क्रम होय. प्रत्येक बारासरशी ताणले जाणारे पितळ कठीण व ठिसूळ होत जाते, म्हणून तोंड तेवढे तापवून नरम करीत. बूड मात्र, तेथे स्फोटाचा दाब झेलावयाचा असल्याने, पाण्यात बुडवून थंड राखीत. हे काम भंडाऱ्याच्या कासाराकडे सोपविल्याचा मजकुरातील उल्लेख आम्हांस स्वाभाविक वाटतो, कारण ठोकून कडक झालेल्या भांड्यास पुन्हा ताव देणे हा त्याचा नित्याचाच व्यवसाय. ‘धुतले की झाले’ हे लेखकाचे विधान मात्र अर्धेच खरे. त्या काळच्या टोप्यांतील पारा पितळेत मुरून ते आतून दुर्बळ करी, आणि ती हानी पाण्याने जात नसे. आता मात्र रानातील अशा शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रतिबंध झाला असून, १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो.