वसई मोहिमेतील संभारतंत्र

युद्धासाठी लागणारी माणसे, अन्नधान्य, वैरण, दारूगोळा, वाहने व द्रव्य यांची आगाऊ गणना करून ती योग्य वेळी योग्य स्थळी पोहोचविण्याच्या शास्त्रास संभारतंत्र म्हणतात. मराठी कागदपत्रांत यासाठी ‘रसद’, ‘दाणागोटा’, ‘सरंजाम’ असे शब्द प्रसंगपरत्वे येतात. शत्रूचा पुरवठा तोडणे हे या तंत्राचे दुसरे व तितकेच महत्त्वाचे अंग होय. मराठ्यांच्या इतिहासात ही दोन्ही अंगे एकत्र स्पष्टपणे दिसतात ती पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत (१७३७–३९). पहिला बाजीराव याचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा (मृत्यू १७४०) हा या मोहिमेचा सूत्रधार होता.

भौगोलिक पार्श्वभूमी : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी वसई असली, तरी तिचे कोठार साष्टी बेट हे होते. भाताचे पीक व जमीनमहसूल यांचा मोठा भाग साष्टीतून येई. साष्टी व वसई यांच्यामध्ये खाडी आहे. साष्टीच्या वायव्येस गोराई-मनोरीच्या खाडीने जवळजवळ अलग केलेली एक चिंचोळी भूमी आहे. हीच जुन्या कागदांतील धारावी होय. मुंबईतील याच नावाच्या वस्तीशी तिचा संबंध नाही. दक्षिणेस मनोरी, मध्ये गोराई व उत्तरेस उत्तन अशी गावे तीवर वसली आहेत. तिच्या उत्तर टोकावरील धारावीचा किल्ला वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवतो. मुंबई किंवा गोव्याकडून वसईस जाणारी गलबते या किनाऱ्यासमोरून जात. त्यामुळे धारावी ज्याच्या हाती त्याला वसईचे दक्षिणद्वार बंद करता येई. मोहिमेच्या काळात या ठाण्यासाठी उभयपक्षी वारंवार झुंज झाली व त्याचा ताबा बदलत राहिला, याचे कारण हेच आहे.

पहिला टप्पा : १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडी मराठ्यांनी ठाण्यावर अचानक हल्ला केला. तेथील किल्ल्याचे बांधकाम तेव्हा अपुरे होते. अणजूरचा गंगाजी नाईक व साष्टीतील स्थानिक मंडळी यांनी पुरविलेल्या माहितीचा या चढाईस मोठा उपयोग झाला. ठाण्यापाठोपाठ साष्टीचा बहुतेक भाग हस्तगत झाल्याने वसईचे कोठार तुटले. वसईवरील हल्ले मात्र फसले. वसईच्या किल्ल्यास तीन बाजूंनी पाणी व दलदल असून समुद्रमार्ग मोकळा होता, म्हणजे कोठार गेले तरी वाट शिल्लक होती. त्यातच बाजीराव उत्तरेत भोपाळच्या मोहिमेत (१७३७–३८) गुंतल्याने कोकणात पुरेसे सैन्य ठेवता आले नाही. डिसेंबर १७३८ मध्ये ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीज सेनापती पेद्रू द मेलू मारला गेला.

दुसऱ्या टप्प्याचे नियोजन : १७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पा स्वतः कोकणात उतरला. वसईवर थेट धडक न घेता त्याने प्रथम तिचे आधार एकेक करून काढून घेतले. उत्तरेकडील माहीम व तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आला. दक्षिणेस वेसावे व धारावी हस्तगत झाल्याने साष्टीचा पश्चिम किनारा मराठ्यांच्या ताब्यात आला. याच सुमारास व्यंकटराव घोरपडे व दादाजी भावे नरगुंदकर यांनी गोव्यावर स्वारी करून मडगाव घेतले व राचोलला वेढा दिला. त्यामुळे गोव्याच्या व्हाइसरॉयला वसईस पुरेशी कुमक धाडता आली नाही. समुद्र अडविण्याच्या कामी मानाजी आंग्रे याच्या आरमाराचे साह्य झाले. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना काही दारूगोळा व कर्जाऊ रक्कम दिली. तथापि वसईत सैन्य धाडण्याचे त्यांनी टाळले.

मराठ्यांची स्वतःची रसदही सोपी नव्हती. धान्य देशावरून घाट उतरून आणावे लागे. ही वाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई व तीत लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांचा वाटा मोठा असे. वेढ्याचे युद्ध म्हणजे एका जागी राहिलेले सैन्य. चालते सैन्य मुलखावर जगू शकते, तर थांबलेले सैन्य आसपासचा दाणा व वैरण लवकर संपविते. तोफांची दारू, मोर्चे व सुरुंग खणणारे बेलदार, खाडी ओलांडण्यास होड्या आणि या सर्वांसाठी सावकारी कर्ज यांचा मेळ घालावा लागे. या साऱ्यांवर पावसाची मर्यादा होती. ज्येष्ठात पाऊस लागला की घाटवाटा, खाड्या व मोर्चे एकदमच निरुपयोगी ठरत.

वेढा व परिणाम : फेब्रुवारी १७३९ पासून वेढा आवळला गेला. तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडविण्यात आले आणि मेच्या पूर्वार्धात निकराचे हल्ले झाले. १६ मे १७३९ रोजी (नवीन कालगणना) पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. शिबंदीस सन्मानाने व कुटुंबांस चीजवस्तूंसह जाऊ देण्यात आले. पावसाळा तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांवर होता. या विजयाची किंमत जबर होती. मराठी पक्षाची हानी मराठी पत्रांनुसार सु. पाच हजार, तर अन्य अंदाजांनुसार त्याहून अधिक होती. शेवटचे हल्ले इतक्या घाईने व इतकी माणसे खर्चून करावे लागले, त्यामागे ऋतूची ही मुदत होती हे विसरता येत नाही.

मूल्यमापन : वसई केवळ शौर्याने पडली असे म्हणणे अपुरे आहे. तिचे कोठार १७३७ मध्ये व तिची वाट १७३९ मध्ये तुटली, आणि त्यानंतरच तट कोसळले. तथापि या यशात एक उणीव दडलेली होती. जमिनीवरील पुरवठा पेशव्यांच्या हाती होता. समुद्रावर मात्र त्यांना आंग्र्यांच्या बळावर अवलंबून राहावे लागले. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे याचे आरमार नष्ट केले व त्यामुळे मराठ्यांचे सागरी बळ खच्ची झाले. नारायणरावाच्या वधानंतरच्या (१७७३) गृहकलहात इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाणे घेतले आणि पाठोपाठ साष्टी त्यांच्याकडे गेली. सालबाईच्या तहाने (१७८२) वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी मिळाली नाही. चहूबाजूंनी पाणी असलेला प्रदेश केवळ जमिनीवरील सैन्याच्या आधारे जिंकता आला, तरी राखता येत नाही, हा राष्ट्रसंरक्षणाच्या नियोजनातील धडा गोराई-धारावीच्या या किनाऱ्याने मराठ्यांना दिला.