शनिवार-रविवार, चार लिटर पाणी आणि नळदुर्ग

परवा जेवणाच्या सुट्टीत एक मित्र अमेरिकेतले फोटो दाखवत होता. युटा राज्यातलं झायन नॅशनल पार्क. लालभडक उभे कडे, त्यांच्या मधल्या चिंचोळ्या घळीतून वाहणारी व्हर्जिन नदी आणि त्या नदीच्या पाण्यातूनच चालणारी माणसं. फोटो झकासच होते, वाद नाही. पण शेवटी तो म्हणाला, "आपल्याकडे असलं काही नाही रे." आता मी पडलो धाराशिव जिल्ह्यातला. कोणी असं म्हटलं की आमच्या डोक्यात तिडीक जाते (ह.घ्या.). म्हटलं, दोन दिवस दे, तुला आमचा कोरडा मुलूख, घळ आणि घळीतलं पाणी, सगळं दाखवतो.

बोलून तर बसलो, मग प्लॅन करायला घेतला. आणि लक्षात आलं की कुठे जायचं हा प्रश्नच नाहीये. खरा प्रश्न आहे कधी जायचं. कारण आमच्याकडे सगळं पाण्यावर ठरतं.

आधी एक खुलासा. धाराशिव म्हणजे वाळवंट नव्हे. झायनमध्ये वर्षाला साधारण 400 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे सरासरी त्याहून बरीच जास्त आहे. पण सरासरी हा आकडा किती फसवा असतो हे कोणत्याही प्रोग्रामरला विचारा. सर्व्हरचा सरासरी लोड कमी असतो आणि तो नेमका दिवाळीच्या सेलला झोपतो. तसंच आहे हे. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, सुमारे 5 लाख लिटर पाणी. आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच जिल्ह्यात भूम-परंड्याकडे इतकं पाणी आलं की माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. झायनलाही हेच आहे बरं का. 14 सप्टेंबर 2015 ला तिथल्या कीहोल कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सात जण गेले. कोरड्या प्रदेशात पाण्याने मरणं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घळीत उतरणाऱ्याला ते ठाऊक पाहिजे.

तर प्लॅन. शनिवारी सकाळी सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग, साधारण 45 किलोमीटर. इथे बोरी नदी काळ्या बेसॉल्टमधून वळसा घेत जाते आणि त्या वळशाचा फायदा घेऊन किल्ला बांधलाय. तटबंदी फिरायची म्हणजे अर्धा दिवस हवा, बुरूजच शंभराच्या वर आहेत. पण जायचं ते पाणी महाल बघायला. नदीवर आडवा दगडी बंधारा घातलाय, एका टोकाला नळदुर्ग, दुसऱ्या टोकाला रणमंडळ नावाचा छोटा किल्ला, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल! विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीन नावाच्या इंजिनियरने तो बांधला. नदीला पूर आला की पाणी भिंतीवरच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. तुम्ही आत खिडकीत बसलेले, समोर पाण्याचा पडदा, आणि अंगावर थेंब नाही.

मला यात सगळ्यात आवडतं ते म्हणजे एकाच भिंतीकडून तीन कामं करून घेतली आहेत. वेढा पडला तर शिबंदीला पाणी, दोन किल्ल्यांना जोडणारा रस्ता आणि बादशहाला बसायला गार जागा. याला म्हणतात डिझाइन. आणि चारशेहून जास्त पावसाळे खाऊन भिंत उभी आहे. आमचं सॉफ्टवेअर चार वर्षं टिकलं तरी आम्ही केक कापतो.

इतिहासात हे गाव अधूनमधून मोठ्या नकाशावर येतं. 1853 च्या तहात निजामाने वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला आणि कारभार बघायला आला कर्नल मेडोज टेलर. हो, तोच, ज्याने ठगांवरची कादंबरी 1839 मध्ये लिहिली. 1857 मध्ये त्याची वऱ्हाडात बदली झाली आणि 1860 मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, 1877 मध्ये छापलं गेलं. नळदुर्गला जाण्याआधी त्यातला हा भाग जरूर वाचावा.

रविवारी सकाळी लवकर उठून धाराशिवची लेणी. शहरापासून सातआठ किलोमीटर, बालाघाटच्या डोंगरात. जेम्स बर्जेस याने यांचं वर्णन 1878 च्या अहवालात छापलं. ही लेणी मुळात बौद्ध आणि नंतर जैन झाली, की पहिल्यापासून जैन, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला भावते ती दंतकथा. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात, जे हिरालाल जैन यांनी 1934 मध्ये संपादित केलं, करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरात येतो. तिथल्या लेण्यात पार्श्वनाथाची मूर्ती असते आणि तिच्यावर एक गाठ दिसते. राजा ती गाठ फोडायला लावतो, तर आतून पाण्याचा लोंढा येतो आणि लेणं भरून जातं. गोष्ट खरी की खोटी ते सोडा. कोरड्या डोंगरात दगड फोडला आणि पाणी लागलं, ही आमच्याकडच्या माणसाला पडणारी स्वप्नं आहेत. बोअर मारणारा प्रत्येक शेतकरी हीच गोष्ट जगत असतो.

तिथून दुपारी येडशीजवळचं रामलिंग. इथे खरी घळ आहे, झाडीत उतरणाऱ्या पायऱ्या, खाली महादेवाचं देऊळ, वानरं, आणि पावसाळ्यात धबधबा. 1997 पासून अभयारण्य आहे, क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर. पण याच घाटातून बार्शी लाइट रेल्वे गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरची ही अडीच फुटी गाडी 1897 मध्ये बार्शीपर्यंत आली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. 2008 पर्यंत बार्शी ते लातूर भागातली लाइन रुंद झाली. लातूरची ती पाण्याची गाडी याच मार्गावरून गेली. ज्या लाइनने शंभर वर्षं इथला माल बाहेर नेला, तिने एका उन्हाळ्यात पाणी आत आणलं.

संध्याकाळी तेर. तेरणाकाठचं साधं गाव, संत गोरोबाकाकांचं. पण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं. हे तगर म्हणजे तेरच, हे फ्लीटने 1901 मध्ये मांडलं. इथे सापडलेली हस्तिदंती बाहुली लामतुरे संग्रहालयात आहे, आणि तिच्या नात्यातली एक 1938 मध्ये थेट पाँपेईच्या राखेत सापडली. विचार करा, बैलगाडीने भडोच, तिथून जहाज. एवढा माल हलायचा म्हणजे वाटेत दर मुक्कामाला माणसांना आणि बैलांना पाणी हवंच. म्हणजे प्लॅनिंग आलंच!

आता मूळ प्रश्न, कधी जायचं? मित्राचं म्हणणं ऑगस्ट-सप्टेंबर. नर-मादी बघायचे तर तेच दिवस. पण वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच ते कोसळतात, आणि काही वर्षं ते भरतच नाही. शिवाय त्या दिवसांत रविवारी तिथे ही गर्दी, आणि ओल्या दगडावर सेल्फी काढणारे.

घरी विषय काढला तर वडील म्हणाले, "उन्हाळ्यात ने त्याला." वडील 1972 च्या दुष्काळात पंधरासोळा वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर त्यांनी दगड वाहिलेत, सुकडी आणि लाल मिलो खाल्लाय. ते नळदुर्गला बऱ्याच वेळा गेलेत, आणि दर वेळी धबधब्याकडे पाठ करून भिंतीचे सांधे बघत बसायचे. मी विचारलं, असं का? म्हणाले, "पाणी काय, सगळेच बघतात. आडवलं कुणी ते बघावं. भरलेली असली की भिंत दिसत नाही बाबा."

यावर मी काय बोलणार? विचार केला तर बरोबरच आहे. मीर इमादीनने ती भिंत पूर आलेल्या नदीसाठी बांधली खरी, पण बांधताना त्याला कोरडं पात्रच लागलं असणार.

पण मे महिन्यातल्या उन्हात दगडावर चालणं म्हणजे वेडेपणा, आणि वडिलांचं वयही आता तसलं नाही. तेव्हा तडजोड झाली. पहिली फेरी फेब्रुवारीच्या शेवटी. ऊन सोसवेल असं, पात्रात पाणी कमी, भिंत पूर्ण उघडी. माणशी चार लिटर पाणी, टोपी, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. दुपारी बारा ते चार चालायचं नाही. वडील फक्त नळदुर्गपर्यंत येणार, सांधे समजावून सांगायला. धबधब्याची फेरी धरण भरलं तर सप्टेंबरात, त्या दिवशी आकाश बघून. वर कुठे पाऊस दिसला तर रामलिंगच्या घळीत उतरायचं नाही, हा नियम झायनचाच.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे धबधब्याला जायचं तर धबधबा नसताना जायचं?"

म्हटलं, हो. आधी भिंत बघू. पाणी आलं तर पुन्हा येऊच.